चाक थांबलं की सांगतो

आणि वरून गौरव अंकाच्या मागच्या पानावर कंपनीची सायकल छापणार, तीही रंगीत! पुढच्या पानावर काकाजींचा फोटो काळा-पांढरा आणि मागच्या पानावर कंपनीची सायकल लालभडक. मंडप कंपनीचा, शाल कंपनीची, चहा आणि आलुबोंडा कंपनीचा. आणि मला म्हणतात, शोभाबाई, तुम्ही दोन पानं लिहा, पण दुकानविक्रीचा विषय काढू नका, प्रसंग आनंदाचा आहे. काहून काढू नको? आदरणीय दिगंबरराव खंडारे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे काकाजी, पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यातली पन्नासावर वर्षं त्यांनी अंबागेटजवळच्या एकाच सायकल दुकानात काढली. रविवारी त्यांचा सत्कार आहे, आणि लगेच पुढच्या शुक्रवारी ते दुकान कंपनीच्या नावावर व्हायचं आहे. मग मी काय नुसतं त्यांच्या गोड स्वभावाचं लिहू? काकाजींचा स्वभाव गोड नाहीच. चांगला आहे. गोड वेगळं आणि चांगलं वेगळं.

गौरव समितीचे देशमुख सर भले माणूस आहेत. शाळेतून निवृत्त झाले तरी अजून सायकलवरच फिरतात, आणि त्या सायकलचं पुढचं चाक गेली वीस वर्षं माझ्याच हातून सरळ होतं. मी त्यांना म्हटलं, "सर, मी चौथी शिकलेली. मले काय लिहिता येते?" सर म्हणाले, "आधी पहिली ओळख, मग कार्य, मग मूल्यं, मग वैयक्तिक आठवणी. शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं. आणि मधात वाद नको." ठीक आहे. मधात नाही केला, आधीच करून टाकला. आता सरांच्या क्रमानं चालते.

पहिली ओळख भांडणातून झाली. मी मूळची अकोल्याची. लग्न होऊन अमरावतीत आले आणि चार घरी स्वयंपाकाला जाऊ लागले. जायला मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, जुनी सायकल होती. तिचं पुढचं चाक डुगडुगायचं. चाक असं एका बाजूला पळायला लागलं की सायकलवाले म्हणतात, चाक आऊट झालं. ते मी काकाजींकडून सरळ करून नेलं. पुन्हा आऊट. पुन्हा नेलं. तिसऱ्यांदा मी सायकल दुकानासमोर आदळलीच.

"काकाजी, तिसऱ्यांदा आली मी. तुमच्या हाताले झालं तरी काय?"

काकाजींनी मान वर केली नाही. "बसा."

"बसाले येळ नाई मले. चार घरच्या पोळ्या राहिल्या."

"मंग उभ्यानं करा," असं म्हणून त्यांनी स्पोकची चावी माझ्या हातात दिली. ती चावी असते नाण्याएवढी, कडेला खाचा असलेली. दुकानात एका लाकडी ओंडक्यात जुन्या सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुफाटा दांडा, उलटा रोवलेला आहे. त्यात त्यांनी माझं चाक अडकवलं. "ज्या बाजूले पळते त्या बाजूचा स्पोक सैल करा, दुसऱ्या बाजूचा आवळा. पाव फेरा. जास्त नाई."

मी पाव कशाला करते? दिला पूर्ण फेरा. चाकाचा पार आठाचा आकडा झाला. काकाजींनी मला पुन्हा सुरुवातीपासून करायला लावलं. पोळ्या गेल्या चुलीत. तासाभरानं चाक चिमट्यातून सुतासारखं सरळ फिरायला लागलं, तेव्हा म्हणाले, "आता वाजवा."

"काय वाजवू?"

"स्पोक. एकेक."

मी नखानं एकेक स्पोक छेडत गेले. टिंग, टिंग, टिंग. एका ठिकाणी हात थांबला. मी म्हटलं, "हा रडून राहिला."

तेव्हा काकाजींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमाले ऐकू येते?"

"मी काय बहिरी हाओ?"

"तुमी नाई. बाकीचे आहेत."

चाकात दोष नव्हता, हे त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. मी घाईत दगडधोंडे न पाहता सायकल घालायची, म्हणून चाक जायचं. पण त्या दिवशी ते तसं म्हणाले असते, तर मी दुसरं दुकान धरलं असतं. त्यांनी चावी दिली, म्हणून मी राहिले. महिन्याभरात एकेक करत चारही घरं सोडली आणि काकाजींच्या दुकानात चाकं सरळ करायला बसले. त्याला आता बावीस वर्षं झाली.

आता कार्य. सर, कार्य म्हणजे काय लिहू? किती सायकली दुरुस्त केल्या ते आम्ही कधी मोजलं नाही. पण एक खूण आहे. काकाजींच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक सायकलच्या चाकाला, मधल्या हबवर, पिवळ्या लोकरीचं एक कडं असतं. चाक फिरलं की कडंही हबवर घासत फिरतं आणि हब पुसला जातो, गंज धरत नाही. काम एवढंच. ही कडी काकाजी स्वतः विणतात, दुपारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. पिवळाच रंग का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "धुळीत लवकर दिसते."

आणि खरंच दिसतं. सकाळी साडेसहाला मी दुकान झाडायला येते तेव्हा रस्त्यावर कोवळं ऊन आडवं पडलेलं असतं. दूधवाला जातो, पेपरवाला जातो, शिकवणीच्या मुली जातात, भाजीबाजारातून कोणी सांबार-मेथीच्या जुड्या बांधून येतो. माणसं मला ओळखू येत नाहीत, चष्मा लागला आहे. पण त्यांच्या चाकांच्या मधोमध एक पिवळा ठिपका तरंगत जाताना दिसतो. एक, मग दुसरा, मग तीन सोबत. चाक जोरात असलं तरी तो ठिपका मात्र जागच्या जागी झुलल्यासारखा वाटतो. मी झाडू हातात धरून उभी राहते आणि माझ्यासारख्या बाईला, जिला दोन मिनिटं उभं राहायचा कंटाळा, तिला वेळ कुठं गेला ते कळत नाही.

दुपारचं दुकान तर तुम्ही कोणी पाहिलंच नाही. तुम्ही सगळे सकाळी नाही तर संध्याकाळी येता. तीन वाजले की ऊन शटरच्या खालून आत येतं. छताला पन्नास-साठ चाकं टांगलेली आहेत, कोणाची न्यायची राहिलेली, कोणाची कधीच न नेलेली. पंख्याच्या वाऱ्यानं ती हळूहळू फिरतात आणि त्यांच्या सावल्या भिंतीवर फिरतात. खऱ्या चाकांपेक्षा सावल्या मोठ्या. एकीत एक गुंततात, सुटतात, भिंतीवरच्या कॅलेंडरावर चढतात. चारच्या सुमारास कॅलेंडर पूर्ण झाकलं जातं. काकाजी खाली बसून लोकर विणत असतात. मी एखादं चाक वाजवत असते. टिंग. टिंग. रस्त्यावरचा हॉर्न त्या वेळी फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. मला झोपेत स्वप्नं पडत नाहीत. पण त्या वेळी उघड्या डोळ्यांनी मला कितीदा दिसतं, की पिवळी कडी सगळ्या रस्त्यांनी निघाली आहेत. बडनेऱ्याकडे, धामणगावकडे, रिद्धपूरच्या वाटेनं. वर माणसं नाहीत, सायकलीही नाहीत. नुसती कडी चालली आहेत, सावकाश, आणि कोणालाच घाई नाही. मलासुद्धा नाही.

पुरे. सर म्हणतील, भरकटली.

मूल्यं. काकाजींचं एकच आहे, पण ते अख्ख्या गावाला माहीत आहे. कामाच्या ओंडक्याशेजारी दुसरा एक ओंडका आहे. त्यातल्या चिमट्यात एक जुनं चाक कायम लावलेलं असतं. कोणी महत्त्वाचं काही विचारलं, की काकाजी उठतात, ते चाक हातानं जोरात फिरवतात आणि म्हणतात, "चाक थांबलं की सांगतो." मग फिरणं संपेपर्यंत एक शब्द नाही. नुसतं फिरणं नाही, शेवटी चाक मागेपुढे झुलतं, तेही संपावं लागतं. हवा भरायचा वॉल्व तळाशी येऊन स्थिर झाला, की मग उत्तर. आणि एकदा दिलं की ते बदलत नाही.

एकदा एक गृहस्थ आले. म्हणाले, "काकाजी, पोरगी मोझरीले सायकलनं जातो म्हणते, एकटी. जाऊ देऊ का?" काकाजींनी चाक फिरवलं. गृहस्थ बसले. चहा झाला. चाक थांबलं. काकाजी म्हणाले, "जाऊ द्या. जाताना वारा तोंडावर हाये, थकन. पन येताना पाठीवर हाये." गृहस्थ म्हणाले, "मी वाऱ्याचं नव्हतो विचारत." काकाजी म्हणाले, "ती त्याचंच विचारन." मुलगी गेली आणि आली. दर वर्षी जाते. जायच्या आधी चाकं वाजवून घेऊन जाते.

वैयक्तिक आठवण एकच लिहिते. माझे मालक गेले तेव्हा मी घरातून बाहेर निघेना. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी काकाजी दारात उभे. हातात एक वाकडं चाक. आत आले नाहीत, बसले नाहीत, समजावणीचं काही बोलले नाहीत. म्हणाले, "शोभाबाई, हे तुमच्याशिवाय होऊन नाई राहिलं." चाक ओट्यावर ठेवलं आणि गेले. मी पाहिलं. त्यांना डोळे मिटून झालं असतं ते. पण मी पदर खोचला आणि चावी शोधली. तुम्ही सगळे शालीवर काय छापायचं ते छापा. माझ्यासाठी काकाजी म्हणजे ओट्यावर ठेवलेलं ते चाक.

आता ज्या विषयाचं लिहू नको म्हटलं, तो विषय.

कंपनीनं अमरावतीतली तीन दुकानं घेतली, अकोल्यातली दोन. अकोल्यात टिळक रोडकडे शकूरभाईंचं दुकान होतं. काकाजी पिवळं कडं घालतात तसं ते हिरवं घालायचे. लहानपणी मी अकोल्यात हिरवी कडी पाहतच मोठी झाले. मागे बहिणीकडे गेले होते तेव्हा मुद्दाम तिकडं गेले. काचेचा दरवाजा. आत गारेगार. शकूरभाई लाल टी-शर्ट घालून उभे, छातीवर कंपनीचं नाव.

म्हटलं, "शकूरभाई, नवरदेव दिसून राहिले."

"क्या करें बाई. एसी मस्त है. खानेकी छुट्टी है. इतवार है. गुडघे बी दुखत नाईत आता."

"मंग चांगलंच हाये ना."

"चांगलंच हाये."

"चाक आऊट झालं त काय करता?"

"बदलतो. नवा डालो."

"सरळ नाई करत?"

त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. जवळच्या नव्या सायकलचा एक स्पोक नखानं हळूच वाजवला आणि हसले. "हात खाजवते, शोभाबाई. और कुछ नहीं. बस, हात खाजवते."

परत येताना बस स्टँडपर्यंत मी रस्त्यावरची चाकं पाहत आले. हिरवं कडं एक दिसलं. मातीनं भरलेलं.

मी कंपनीला शिव्या देत नाही. शकूरभाईंचे गुडघे खरे आहेत. काकाजींचेही हात आता थरथरतात. आणि अजून एक सांगते, जे सगळ्यांना माहीत आहे पण बोलत कोणी नाही. काकाजींना आता बारीक आवाज ऐकू येत नाही. दोन-तीन वर्षांपासून ते स्पोक वाजवतात आणि माझ्याकडे पाहतात. मी मान हलवली की पुढचा वाजवतात. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. म्हणून त्यांनी दुकान दिलं, तर तो त्यांचा हक्क आहे. मी भांडणार नाही. पण त्यांनी दिलेलं नाही! हेच तर मला सांगायचं आहे.

कंपनीचे साहेब आले त्या दिवशी मी मागे घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर पाहत होते. सगळं ऐकलं. साहेब सभ्य होते. म्हणाले, तुमचा फोटो भिंतीवर कायम ठेवू. बाईंनाही ठेवू, काउंटरवर, खुर्ची देऊ. मग म्हणाले, "तर काकाजी, होकार समजू ना?"

काकाजी उठले. चाक फिरवलं. "चाक थांबलं की सांगतो."

साहेब हसले. त्यांना गंमत वाटली. आणि इथं माझी चूक झाली होती. आदल्याच दिवशी मला रिकामपण होतं, तर मी त्या चाकातलं जुनं घट्ट ग्रीस काढून बेअरिंगचे नवे छर्रे टाकले आणि वरून शिलाई मशीनचं पातळ तेल सोडलं. बावीस वर्षांत त्या चाकाला मी हात लावला नव्हता, आणि लावला तो नेमका त्याच दिवशी. ते चाक थांबेच ना. साहेबांचा चहा झाला. चाक फिरतंय. साहेबांनी कॅलेंडर वाचून काढलं. चाक फिरतंय. साहेबांचा फोन वाजला, त्यांनी बोलून घेतलं, घड्याळ पाहिलं. चाक मंदावलं, पण आता झुलायला लागलं. इकडून तिकडं, तिकडून इकडं, पाळण्यासारखं. साहेब उठले. "काकाजी, तुम्ही नाही म्हणाला नाहीत. मी हो समजतो." काकाजींचा हात हातात घेऊन हलवला. काकाजींची नजर चाकावर. साहेब गेले. गाडी सुरू झाली, गेली. चाक अजून झुलत होतं.

मग वॉल्व तळाशी आला. थांबलं.

मी ओल्या हातानं पुढं आले. "काय सांगणार होते काकाजी?"

ते म्हणाले, "ज्यानं विचारलं तो गेला. आता कोनाले सांगू?"

एवढंच. साहेबांनी देशमुख सरांना कळवलं की ठरलं. सरांनी समितीला कळवलं. समितीनं मंडप ठरवला. मी सरांना म्हटलं, "सर, तुमी तीस वर्षं त्या दुकानात येऊन राहिले. चाक थांबाच्या आधी काकाजी कधी बोलले का?" सर म्हणाले, "नाही म्हणायचं असतं तर नंतर फोन केला असता." बाप्पा! काकाजी आणि फोन! जो विचारेल आणि बसून राहील, त्यालाच ते सांगतात. आणि अख्ख्या अमरावतीत एकही माणूस असा निघाला नाही, जो जाऊन पुन्हा विचारेल. सगळ्यांनी सत्कारच ठरवला.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तू रोज त्यांच्याजवळ दोन हातांवर बसते, तू का नाही विचारलं? बरोबर आहे. मी भांडले सगळ्यांशी, विचारलं नाही. भीती वाटली. चाक थांबेल आणि काकाजी म्हणतील, थकलो, याची भीती. आणि देत नाही म्हणाले, तर पुढचं मलाच विचारावं लागेल, याची त्याहून जास्त. कारण मला जे विचारायचं आहे, ते साहेबांनी विचारलं त्यापेक्षा मोठं आहे. बावीस वर्षांत मी काकाजींना चाकासमोर एकही गोष्ट विचारली नाही. आज चार माणसांदेखत, छापून, विचारते. सर, हे पान गाळाल, तर मी मंडपात उभी राहून वाचीन. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे.

आदरणीय काकाजी, आधी सरांच्या क्रमातलं शेवटचं. तुम्हाला लोक शंभर वर्षांचं आयुष्य मागतील. मी आकडा सांगत नाही. तुमचे गुडघे चालोत, हात थरथरला तरी लोकर न सुटो, जेवण अंगी लागो, आणि दुपारी तीनला तुमच्या भिंतीवर ऊन येत राहो. कान गेले तर जाऊ द्या. माझे दोन्ही चांगले आहेत, ते तुमचेच समजा.

आता माझी विचारणा. दुकान कंपनीला देता की मला? पिवळी कडी मी विणायला शिकीन. पाटी तुमच्याच नावाची राहील. चावी माझ्याकडे बावीस वर्षांपासून आहेच.

कंपनी म्हणालात तरी मी तुमच्या पाया पडून जाईन, खुर्ची मात्र घेणार नाही. पण उत्तर तोंडानं पाहिजे. शुक्रवारी साहेब कागद घेऊन येतात. म्हणून गुरुवारी तुम्ही चाक फिरवा, आणि सावल्या कॅलेंडर झाकायच्या आत, चार वाजेपर्यंत, मला सांगा. मी समोरच बसणार आहे, उठणार नाही. आणि चाक थांबत नाही म्हणून सांगायचं राहिलं, असं या खेपेला चालणार नाही. त्यातलं पातळ तेल मी काल पुसून काढलं. जुनं घट्ट ग्रीस परत भरलं आहे.

— शोभा तायडे